नेत्याचं जुनं वाक्य आणि आपली दोन चौकटींची गोष्ट

निवडणूक लागली की मला मेसेज यायला लागतात, दादा पॉलिटिकल कार्टून करायचीत, कुठला टॅब घेऊ. टॅब नंतर घ्या हो, आधी एक वही नाहीतर एक्सेल उघडा आणि नेत्यांची वाक्यं टिपायला लागा, तारीख, गाव, सभा होती की मुलाखत, व्हिडिओ कुठे सेव्ह केलाय, सगळं. चेहरा सरावाने जमतो, ही वही मात्र आयत्या वेळी कोणी देत नाही.

२०१९ ची लोकसभा आठवा. मनसेचा एकही उमेदवार नव्हता तरी राज ठाकरेंच्या सभा गाजल्या त्या "लाव रे तो व्हिडिओ"मुळे, मोदींचं जुनं भाषण पडद्यावर आणि लगेच पुढे आजची परिस्थिती. माणूस स्वतः व्यंगचित्रकार, त्यामुळे मला तर ते सरळसरळ दोन चौकटींचं कार्टूनच वाटायचं. आणि गंमत म्हणजे २०२४ च्या गुढीपाडव्याला शिवाजी पार्कवर त्यांनीच मोदींना बिनशर्त पाठिंबा दिला! त्या रात्री मी तोच पडदा काढला, पण कोरा, आणि कोपऱ्यात रिमोट धरून बसलेला ऑपरेटर विचारतोय, "साहेब, कुठला लावू?" साहेबांचा चेहरासुद्धा काढला नाही, गरजच नव्हती.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीला एका स्थानिक उमेदवाराचं वाक्य मी फॉरवर्डमधून उचललं, मूळ वाक्य "जर"ने सुरू होत होतं आणि माझ्या चित्रातल्या संवादाच्या फुग्यात तो "जर" नव्हता. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला आणि उमेदवार बिचारा ठरला. तेव्हापासून पूर्ण क्लिप ऐकल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. मत बदलणं हा काही गुन्हा नाही, कारण सांगून बदललं असेल तर मी सहसा सोडून देतो, पण "मी असं बोललोच नव्हतो" म्हणणारा हातचा घालवायचा नाही.

चित्रातलं एकच सांगतो, जुन्या चौकटीत केस काळे ठेवा, पोट कमी करा, नाहीतर दोन्ही वाक्यं आजचीच वाटतात आणि जोक मरतो.

आणि रंग बदलणारा सरडा नको, प्लीज. पहिल्या वर्षी मी सात काढले, सातवा परत करताना संपादक म्हणाले, "अरे, निदान शेपूट तरी बदल."