कमी पैशांत जुन्या कॉमिक्सचा संग्रह कसा करावा

दरमहा पाचशे रुपये बाजूला काढू शकणाऱ्या माणसालाही जुन्या कॉमिक्सचा नेटका संग्रह उभा करता येतो. मात्र खरेदीला निघण्यापूर्वी आपण काय घेणार नाही, हे ठरवून वहीत लिहून ठेवावे लागते. पदपथावरच्या ढिगात वेताळ, चाचा चौधरी, नागराज, टिंकल, चांदोबा आणि परदेशी सुपरहिरो एकत्रच पडलेले असतात, आणि काहीच न ठरवता गेलेला माणूस प्रत्येकातले दोन-दोन अंक उचलून घरी येतो. अशा खरेदीतून घर भरते, पण मालिका एकही पुरी होत नाही. हे लेखन म्हणूनच मुख्यतः दोन मालिकांपुरते आहे: इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्र कथा. दोन्ही मुंबईत निघाल्या, दोन्हींच्या मराठी आवृत्त्या निघाल्या आणि महाराष्ट्रातल्या रद्दीत त्या अजूनही सापडतात.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशक कंपनीने 1964 च्या मार्चमध्ये इंद्रजाल सुरू केले आणि ते 1990 पर्यंत चालले. सुरुवातीच्या अंकांत ली फॉक यांचा फँटम, म्हणजे मराठी वाचकांचा वेताळ, एकटाच होता. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर असे नायक येत गेले, आणि 1976 मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला व गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला बहादुर हा अस्सल देशी नायक आला. संग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे प्रकाशन 1967 मध्ये पाक्षिक आणि 1981 मध्ये साप्ताहिक झाले. त्यामुळे ऐंशीच्या दशकातले अंक संख्येने पुष्कळ आहेत, वयाने लहान आहेत आणि स्वाभाविकच स्वस्त मिळतात. साठच्या दशकातले अंक मात्र थोडे, जीर्ण आणि महाग असतात. हाती पैसा थोडा असेल तर 1981 नंतरच्या अंकांपासून मागे मागे जावे, पहिल्या अंकापासून पुढे येण्याचा हट्ट धरू नये. एकूण अंक आठशेच्या आसपास आहेत, त्यामुळे संपूर्ण मालिका जमवण्याचा संकल्प बहुधा अपुराच राहतो. त्याऐवजी केवळ बहादुरचे अंक, किंवा केवळ मराठी आवृत्तीतला वेताळ, किंवा आपल्या जन्मवर्षात निघालेले अंक, असा एखादा लहान परीघ आखला तर दोन-तीन वर्षांत तो बऱ्यापैकी भरत आलेला दिसतो.

इंद्रजालच्या क्रमांकांत नवख्याची फसगत होण्याजोग्या काही जागा आहेत. इंग्रजी मालिकेत 443 व्या अंकानंतर सलग क्रमांक देणे थांबले आणि खंड 20, अंक 1 अशी नवी पद्धत सुरू झाली. म्हणून विक्रेत्याने ‘अंक 1’ असे सांगितले तर तो 1964 चा पहिला अंक आहे की विसाव्या खंडाचा, हे स्वतः पाहून घ्यावे. त्याच मालिकेतले 123 आणि 124 हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, तेव्हा ते शोधण्यात आयुष्य घालवू नये. एक मौजेची बाबही नोंदवण्यासारखी आहे. मूळ कथेतल्या वेताळाच्या देशाचे नाव ‘बंगाल’शी फारच जुळणारे होते, म्हणून इंद्रजालने ते बदलून देंकाली केले, आणि ‘सिंग’ नावाच्या समुद्री चाच्यांना ‘सिंगा’ केले. याच कथा परदेशातून चकचकीत पुनर्मुद्रणांत सहज मिळतात, तरीही इंद्रजालचे अंक हवेसे वाटतात, त्यामागे असे फेरफार हेही एक कारण आहे.

अमर चित्र कथेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. अनंत पै यांच्या संपादनाखाली इंडिया बुक हाउसने 1967 मध्ये ही मालिका सुरू केली. राम वाईरकर यांनी रेखाटलेला ‘कृष्ण’ हा भारतीय कथेवरचा पहिला अंक असूनही त्याचा क्रमांक 11 आहे, कारण त्याआधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांनी घेतलेले होते. या मालिकेतल्या लोकप्रिय कथा आजही नव्याने छापल्या जातात. त्यामुळे केवळ कथा वाचायची असेल तर नवा अंक घेणेच शहाणपणाचे. जुन्या प्रतीसाठी जास्त पैसे मोजायचे तर ती खरोखर जुनी छपाई असल्याची खात्री हवी. जुन्या छपायांवर पुष्कळदा वर्ष नसते. अशा वेळी मुखपृष्ठाच्या किंवा मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस छापलेली ‘उपलब्ध पुस्तकांची’ यादी उपयोगी पडते. त्या यादीतला सर्वांत अलीकडचा अंक ज्या वर्षी निघाला, त्याच्या आधी ही प्रत छापली गेलेली असणे शक्य नाही. मुखपृष्ठावरची किंमत आणि प्रकाशकाचा पत्ता यांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. ‘कृष्ण’च्या प्रतीवर 11 ऐवजी 501 असा क्रमांक असेल तर ती नंतरच्या, नव्याने क्रमांक दिलेल्या आवृत्तीतली आहे, आणि तिला जुन्या प्रतीचा भाव देण्याचे कारण नाही.

थोड्या पैशांत करण्याजोगा, आणि माझ्या मते सर्वांत समाधान देणारा, प्रकार म्हणजे चित्रकाराच्या अंगाने संग्रह करणे. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या महाराष्ट्रातल्या चित्रकारांनी या मालिकेसाठी भरपूर काम केले. वाईरकरांचा भोळसट सुपंडी टिंकल या मुलांच्या मासिकात आहे, तर मुळीक पुढे राज कॉमिक्सच्या नागराजकडे गेले. एकाच हाताची रेषा पौराणिक कथेत कशी दिसते आणि सर्पमानवाच्या मारामारीत कशी दिसते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासाठी पंधरा-वीस अंक पुरतात, आणि ते दुर्मीळ असण्याची गरजही नसते.

अंक मिळवण्याच्या जागांपैकी सर्वांत स्वस्त जागा आपल्याच नात्यागोत्यात असते. माळ्यावरची ट्रंक, मामाकडची पेटी, गावच्या घरातले कपाट यांची चौकशी आधी करावी, आणि ‘तुमच्याकडे जुनी कॉमिक्स आहेत का’ असे विचारण्याऐवजी ‘वेताळ किंवा चांदोबा आहे का’ असे विचारावे, म्हणजे समोरच्याला चटकन आठवते. त्यानंतर रद्दीवाला. त्याच्याशी ओळख ठेवून कॉमिक्स आली की वेगळी ठेवायला सांगावे आणि रद्दीच्या वजनाच्या भावापेक्षा चांगली रक्कम द्यावी, कारण त्यानेही ती बाजूला ठेवण्याचे कष्ट घेतलेले असतात. दिवाळीपूर्वीची साफसफाई आणि जुन्या इमारतींचा पुनर्विकास या दोन निमित्तांनी घरे रिकामी होतात. दादर-गिरगावसारख्या भागांत एखादी चाळ खाली होत असल्याचे कळले, तर त्या परिसरातल्या रद्दीच्या दुकानांत त्या आठवड्यात अवश्य डोकवावे.

बाजारांपैकी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरातले आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, तसेच चोरबाजार, आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, ही प्रसिद्ध ठिकाणे आहेत. तिथल्या अनुभवी विक्रेत्यांना वेताळाची किंमत पुरेपूर ठाऊक असते, त्यामुळे अद्भुत स्वस्ताईची अपेक्षा ठेवू नये. घासाघीस एका अंकावर करण्यापेक्षा गठ्ठ्यावर करावी, कारण दहा अंक एकदम घेणाऱ्याला विक्रेता जो भाव देतो तो एकट्या अंकाला कधीच देत नाही. पावसाळ्यात उघड्यावरचा माल स्वस्त सुटतो, पण तो ओलसर असतो. घ्यायचाच तर घरी आणून पूर्ण वाळेपर्यंत बाकीच्या संग्रहापासून दूर ठेवावा.

ज्या प्रतींकडे मोठे संग्राहक पाहतही नाहीत, त्या लहान संग्राहकाने आवर्जून पाहाव्यात. पूर्वी भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांचे शिक्के असलेले अंक, मुखपृष्ठावर मुलाचे नाव आणि इयत्ता लिहिलेले अंक, कोडी पेनाने सोडवलेले अंक, हे सगळे निष्कलंक प्रतींपेक्षा बरेच कमी किमतीत मिळतात आणि वाचायला तितकेच चांगले असतात. त्याहून मोठा लाभ घरगुती बांधणीच्या खंडांत आहे. अनेक घरांत वर्षभराचे अंक बाइंडरकडून कापडी पुठ्ठ्यात बांधून घेत असत. बांधताना कडा छाटल्या गेल्यामुळे असे खंड ‘खराब’ समजले जातात, परंतु त्यांतली पाने उन्हापासून आणि हाताळणीपासून वाचलेली असल्याने रंग पुष्कळदा सुट्या अंकांपेक्षा ताजे असतात. असा खंड मिळाला तर तो उसवून अंक वेगळे करण्याच्या फंदात पडू नये, कारण छाटलेल्या कडा परत येत नाहीत आणि शिलाई काढताना कण्याशी पाने फाटतात.

प्रत हाती आली की घाई न करता ती तिथेच तपासावी. आधी मधले जोडपान आहे का ते पाहावे, कारण पिना सैल झाल्या की तेच पहिल्यांदा गळते. मग पाने मोजावीत आणि शेवटचे पान मूळचेच आहे ना, हे कथेच्या ओघावरून ताडून पाहावे. कूपन कापलेले असेल तर त्यामागच्या पानावरची चित्रचौकटही गेलेली असते. दुर्मीळ अंकांच्या रंगीत झेरॉक्स प्रती मूळ म्हणून विकल्या जाऊ शकतात, म्हणून साधे भिंग जवळ ठेवावे. जुन्या ऑफसेट छपाईत रंग बारीक ठिपक्यांच्या नियमित जाळीतून उमटलेला दिसतो, तर लेझर प्रतीत शाई कागदावर चमकदार थरासारखी बसलेली असते. नोटा तपासण्याचा छोटा जांभळा टॉर्चही कामी येतो. आजच्या पांढऱ्या कागदात चकाकी देणारी रसायने असल्याने तो या प्रकाशात निळसर उजळतो. जुना वृत्तपत्री कागद मात्र सहसा निस्तेजच राहतो.

ऑनलाइन खरेदीत मधल्या जोडपानाचे, पिनांचे आणि मलपृष्ठाचे छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. विक्रेत्याने लावलेली किंमत आणि प्रत्यक्षात मिळालेली किंमत यांत मोठे अंतर असते, त्यामुळे विकल्या गेलेल्या अंकांचे भावच वहीत टिपून ठेवावेत. टपालखर्च एका अंकावर जड पडतो; एकाच विक्रेत्याकडून चार-पाच अंक एकदम मागवणे बरे. जे वाचायला मोफत मिळते त्यावर खर्च टाळावा, हाही बचतीचाच भाग आहे. बालभारतीने 1971 पासूनचे ‘किशोर’चे अंक ऑनलाइन खुले केले आहेत, तेव्हा किशोरच्या कागदी प्रती केवळ त्या हाती धरण्याच्या हौसेपुरत्याच घ्याव्यात.

घरी आणलेल्या अंकाचा शत्रू त्याच्या आतच असतो. वृत्तपत्री कागदात लाकडातला लिग्निन हा घटक राहिलेला असल्याने तो उजेडात आणि उष्णतेत पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि ही क्रिया उलटवता येत नाही, फक्त मंद करता येते. त्यासाठी महागड्या सामग्रीची आवश्यकता नाही. तयार कपड्यांच्या पॅकिंगसाठी मिळणाऱ्या पारदर्शक बीओपीपी (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) पिशव्या मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या किंवा पुण्यात बोहरी आळीच्या दुकानांत शेकड्याने स्वस्त मिळतात. त्यांची चिकटपट्टी आधी कापून टाकावी, नाहीतर अंक काढताना मुखपृष्ठ तिला चिकटून सोलते. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या मात्र टाळाव्यात, कारण त्यांतले रसायन कालांतराने शाईला चिकटते. आधारासाठी घालायचा पुठ्ठा आम्लमुक्त असावा. तो परवडत नसेल तर पुठ्ठा न घालता अंक आडवे, लहान थप्प्यांत ठेवावेत. शर्टाच्या खोक्यातला करडा पुठ्ठा घालणे म्हणजे आम्ल विकत न घेता फुकट आणणे होय.

दुरुस्तीत सेलोटेप पूर्ण वर्ज्य मानावी आणि लॅमिनेशन तर त्याहूनही. आधीच लावलेली टेप ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर छपाईही निघते. फाटलेल्या कडेला पातळ जपानी टिश्यू कागद मैद्याच्या विरळ खळीने मागच्या बाजूने लावावा. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण तांब्याचा क्षार कागदाला घातक असल्याने आपण तो घालू नये. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत पिना गंजतात आणि गंजाचा डाग पानोपानी पसरतो. अशा पिनांचे पाय बोथट पात्याने अलगद सरळ करून त्या काढाव्यात आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ मारावी. कसरीची शंका असेल तर अंक घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तशीच राहू द्यावी, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरते, कागदावर नाही. कपाट बाहेरच्या, पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला टेकवू नये.

प्रत्येक अंकाचा क्रमांक, भाषा, स्थिती, किंमत आणि कुठून मिळाला, एवढी नोंद त्याच वहीत त्याच दिवशी करावी. गठ्ठ्याने खरेदी केली की दुहेरी प्रती येतातच, आणि त्या विकण्यापेक्षा दुसऱ्या संग्राहकाशी बदलून घेणे किफायतशीर असते, कारण विकताना विक्रेता निम्माही भाव देत नाही. अदलाबदलीत अंकाला अंक असा हिशेब न धरता स्थिती आणि काळ पाहून तीनाला एक किंवा दोनाला एक असे आधी ठरवून घ्यावे, दोष लपवू नयेत, आणि बदलून आलेल्या प्रतीही संग्रहात मिसळण्यापूर्वी फ्रीझरच्या दोन आठवड्यांतून जाऊ द्याव्यात.