हुद्दा दाराबाहेर, घड्याळ हातात : लष्करी वैद्यकातल्या पहिल्या संशोधनाची तयारी

लष्करी रुग्णालयात पहिलं संशोधन हाती घेणारा तरुण डॉक्टर बहुधा चुकीच्या टोकाने तयारीला लागतो. आधी प्रोटोकॉलचा, म्हणजे संशोधनाच्या लेखी आराखड्याचा, नमुना शोधतो, मग संख्याशास्त्र जाणणारा माणूस, मग एक भारदस्त शीर्षक. आपण ज्यांचा अभ्यास करणार ती माणसं हुकूम ऐकायला शिकलेली आहेत, हे त्याला सगळ्यात शेवटी आठवतं. म्हणून ही यादी त्या शेवटच्या टोकापासूनच धरली आहे.

तर पहिली गोष्ट कागदाची नाही, खोलीची. संमती कोणत्या खोलीत घ्यायची आणि तेव्हा तिथे कोण कोण असेल? जवानांना रांगेत उभं करून कमांडिंग ऑफिसरने 'डॉक्टरसाहेबांना सहकार्य करा' एवढं म्हटलं की शंभरच्या शंभर सह्या होतात, आणि त्यातल्या एकीलाही संमती म्हणता येत नाही. अभ्यासाची माहिती देताना त्या तुकडीतला कोणीही वरिष्ठ हजर नसेल, हे प्रोटोकॉलमध्येच लिहून टाका. अमेरिकी संरक्षण खात्याचा नियम याच्याही पुढे जातो. जोखीम किमान पातळीहून जास्त असेल आणि जवानांना गटाने माहिती दिली जाणार असेल, तर त्या संशोधनाशी संबंध नसलेला एक माणूस केवळ देखरेखीसाठी तिथे बसवावा लागतो. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, असा माणूस शोधून ठेवा.

आता तुमचं स्वतःचं काय? तुम्ही मेजर असाल तर समोरच्या शिपायाला पांढऱ्या कोटाच्या आतला गणवेशच दिसतो. शक्य असेल तर संमतीचं बोलणं मुलकी परिचारिकेकडे किंवा समन्वयकाकडे सोपवा आणि तुम्ही चहाला जा. सहीसाठी निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या. नकार देणाऱ्यांचा फक्त आकडा ठेवा, नावं कुठेच उतरवू नका. आणि एकानेही नकार दिला नाही तर खूश होऊ नका, आपली पद्धत पुन्हा तपासा.

हे इतकं ताणून सांगायला कारण आहे. १९०० साली क्यूबात अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीडच्या पीतज्वर आयोगाने स्वयंसेवकांशी लेखी करार केले. स्थलांतरित स्पॅनिश मजुरांना ते त्यांच्या भाषेत दिले होते. सहभागाचे शंभर डॉलर सोन्यात, ताप आलाच तर आणखी शंभर. लेखी संमतीचा हा फार जुना नमुना म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते रास्त आहे. पण आजारी पडल्यावर वाढणारा मोबदला आजच्या नीतिसमितीपुढे, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, ठेवून पाहा, काय ऐकून घ्यावं लागतं ते कळेल. दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. मे १९५३ मध्ये ब्रिटनमधल्या पोर्टन डाउन इथल्या लष्करी संशोधन केंद्रात रोनाल्ड मॅडिसन या वीस वर्षांच्या हवाईदलातल्या तरुणाच्या हातावर, कापडावरून, सारिन या विषारी रसायनाचे थेंब टाकण्यात आले. तो त्याच दिवशी गेला. २००४ मध्ये चौकशी नव्याने झाली तेव्हा ज्यूरीने तो मृत्यू बेकायदा ठरवला. तिथे प्रयोगांना गेलेल्या अनेकांनी पुढे सांगितलं, की आपण सर्दीवरच्या औषधाच्या अभ्यासाला आलोय अशीच आपली समजूत होती. माणसावरच्या प्रयोगाला त्याची स्वेच्छेची संमती हवीच असं सांगणारी न्यूरेंबर्गची संहिता मॅडिसनच्या मृत्यूआधी सहा वर्षांची, म्हणजे १९४७ ची. संहिता होती, पण ती त्या खोलीत पोहोचली नव्हती.

युद्धकैद्यांच्या बाबतीत विचार करायचाच नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं तेरावं कलम सांगतं, की कैद्याच्या स्वतःच्या उपचारासाठी आवश्यक नसलेला कोणताही वैद्यकीय वा शास्त्रीय प्रयोग त्याच्यावर करता येत नाही. कोणाला अभ्यासातून वगळायचं या निकषांत ही ओळ आजच घाला. जखमी कैदी स्ट्रेचरवर समोर येतो त्या गडबडीत ती कोणाला सुचत नाही.

संमतीला चिकटूनच गुप्तता येते, आणि इथे प्रश्न फक्त नीतीचा नसून आकड्यांच्या खरेपणाचाही आहे. जवानाला भीती असते, की इथे सांगितलेलं आपल्या वैद्यकीय श्रेणीत, बढतीत, पुढच्या नेमणुकीत उतरेल. इराकहून परतलेल्या एका अमेरिकी ब्रिगेडमधल्या सैनिकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीत, म्हणजे नावानिशी, आणि मग निनावी, असं दोन्ही प्रकारे त्यांना विचारलं होतं. नैराश्य, आघातोत्तर तणाव, आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण निनावी उत्तरांत दोन ते चार पट निघालं. तेव्हा नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी कोणाच्या कपाटात राहील, किल्ली कोणाकडे असेल आणि ती यादी कधी नष्ट होईल, हे लिहून घ्या. तुकडीप्रमुखाने 'माझ्या पोरांचं काय निघालं?' म्हणून विचारलं तर काय उत्तर द्यायचं, तेही आधीच ठरवा. तो नक्की विचारणार, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच विचारणार.

बेशुद्ध जखमीची संमती हा वेगळा विषय. काही देशांत तातडीच्या संशोधनाला संमतीविना सुरुवात करून ती नंतर घेण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, काही ठिकाणी ती फार अरुंद आहे. तुम्हाला कोणती लागू आहे हे नीतिसमितीच्या सचिवाला विचारा, इंटरनेटला नको. बाकी कागद, म्हणजे चाचणीची सार्वजनिक नोंद, विमा, प्रत्येकाचं गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांचं, प्रमाणपत्र, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली आहे, जुन्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी चाचणीची नोंद झालेली असू द्या. ती नंतर केली तर चांगली नियतकालिकं लेख दारातूनच परत पाठवतात.

आता घड्याळ. लढाईतल्या जखमांवर कोणताही अभ्यास करा, तो शेवटी एका नोंदीवर येऊन अडतो : जखम किती वाजता झाली? क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले २०,२११ जखमी होते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध दिलेल्यांत मृत्यूचं प्रमाण १४.५ टक्के आणि न दिलेल्यांत १६ टक्के, हे २०१० मध्ये जाहीर झालं. पण प्रत्यक्ष कामाला आली ती पुढच्या वर्षीची फोड. पहिल्या तासात दिलं तर सगळ्यात जास्त फायदा, तीन तासांनंतर दिलं तर उलट रक्तस्रावाने मरण्याचा धोका वाढतो. जखमेची वेळ कोणी लिहिलीच नसती तर एवढ्या मोठ्या चाचणीतून फक्त 'औषध बरं आहे' इतकंच निघालं असतं. तेव्हा तुमच्या फॉर्मवर जखमेची वेळ, टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) आवळल्याची वेळ, पहिल्या औषधाची वेळ आणि रुग्णालयात पोहोचल्याची वेळ अशा चार चौकटी ठळक हव्यात. सगळ्यांनी एकच प्रमाणवेळ वापरायची. हेलिकॉप्टरच्या दलाची वेळ एका पट्ट्यातली आणि रुग्णालयाची दुसऱ्या, असं झालं की जखमी माणूस जखमी होण्याआधीच भरती झालेला दिसतो. हसू येतं, पण असे आकडे साफ करण्यात महिने जातात.

लिहायचं साधनही आधी तपासा. रक्ताने, पावसाने, घामाने भिजलेल्या कार्डावर साधं बॉलपेन उमटत नाही. न पुसणारा मार्कर आणि न फाटणारं कार्ड घ्या, बादलीत बुडवून लिहून पाहा. आणि ते कार्ड भरायला किती वेळ लागतो तो मोजा. हातमोजे घालून, अंधारात, एका मिनिटात भरून होत नसेल तर फॉर्म चुकलाय, वैद्यकीय सहायक नव्हे. माझ्या मते प्रत्येक नव्या संशोधकाने आपल्या फॉर्ममधली निम्मी रकाने खोडावीत आणि मगच तो छापायला द्यावा.

वेळेनंतर भाजक. आपण कोणाला मोजतोय? रुग्णालयात पोहोचलेल्यांनाच मोजलं तर मैदानावरच दगावलेले हिशोबातून गळतात, आणि लढाईतले बहुतेक मृत्यू तिथेच होतात. २००१ ते २०११ मधल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा आढावा २०१२ मध्ये आला. त्यातले ८७ टक्के शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचण्याआधीच झाले होते. त्या आधीच्या मृत्यूंपैकी साधारण चौथा हिस्सा वाचवता येण्याजोगा वाटला, आणि अशा दर दहांतल्या नवांना रक्तस्रावाने ओढून नेलं होतं. इथे एक चकवा आहे. हेलिकॉप्टर लवकर पोहोचू लागलं की जे पूर्वी मैदानावरच दगावले असते ते जिवंत रुग्णालयात येतात, आणि त्यातले काही तिथे दगावतात. रुग्णालयातला मृत्युदर वाढतो. कोणी तुमच्यावर ठपका ठेवायच्या आत 'चकमकीत ठार' (रुग्णालयात पोहोचण्याआधी) आणि 'जखमांनी मृत' (पोहोचल्यानंतर) या दोन रकान्यांची व्याख्या प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा, आणि निष्कर्ष दोन्हींच्या बेरजेवर काढा.

प्रशिक्षणाची तयारी याच कामात धरली पाहिजे, कारण उपचार करणारा हातच कच्चा असेल तर तुम्ही मोजाल ते औषध नसेल, त्या हाताचा कच्चेपणा असेल. बगदादमधल्या एका रुग्णालयातला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शॉक, म्हणजे रक्त गेल्याने रक्ताभिसरण ढासळणं, सुरू होण्याआधी टूर्निकेट बांधलेल्यांतले नव्वद टक्के वाचले, शॉक आल्यावर बांधलेल्यांतले दहा टक्के. पट्टा तोच, फरक काही मिनिटांचा, आणि ती मिनिटं सरावातूनच मिळतात. म्हणून सराव डोळे बांधून, एका हाताने, ओल्या हातमोज्यांनी, स्वतःच्याच मांडीवर झाला पाहिजे. सरावाचे पट्टे वेगळे ठेवा आणि त्यांना रंगाची खूण करा. वारंवार आवळून थकलेला पट्टा खऱ्या जखमेवर ऐन वेळी दगा देतो. आणि फक्त सहायकांना शिकवून भागत नाही. अमेरिकेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटने प्रत्येक सैनिकाला हे शिकवलं आणि मैदानावरच्या उपचारांची स्वतःची नोंदवहीही ठेवली. २०११ मध्ये त्यांनी ४१९ जखमींचा हिशोब मांडला, तेव्हा मैदानावर आणखी काही केलं असतं तर वाचला असता असा एकही मृत्यू त्यांना सापडला नाही. तिथे ही जबाबदारी डॉक्टरांवर नव्हे, तुकडीप्रमुखांवर होती. मला यातली सगळ्यात शिकण्याजोगी गोष्ट हीच वाटते.

शांततेच्या काळात हात विसरतात. ब्रिटिश आरमारातले शल्यचिकित्सक ॲलस्डेअर वॉकर यांच्या नावावरून या घसरणीला 'वॉकर डिप' म्हणतात. तिच्यावर एक उपाय म्हणजे शल्यचिकित्सकांना आणि भूलतज्ज्ञांना वर्षातले काही आठवडे गर्दीच्या मुलकी ट्रॉमा केंद्रात पाठवणं. ते आठवडे अभ्यासाच्या वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर अभ्यासात रुग्ण घेण्याच्या ऐन महिन्यात तुमचा भूलतज्ज्ञ जागेवर नसेल. प्रशिक्षणाचंच संशोधन करणार असाल तर शिकवल्याच्या दुपारी घेतलेल्या परीक्षेला फार अर्थ नाही. तीन आणि सहा महिन्यांनी, न सांगता, पुन्हा घ्या. आणि ते गुण सेवापुस्तकात जाणार नाहीत याची लेखी हमी द्या. शिकणाराही हुद्द्याने खालचाच असतो, त्यामुळे खोलीबद्दल वर सांगितलेलं सगळं त्यालाही लागू.

लेख बाहेर जाण्यापूर्वी सुरक्षेची परवानगी लागेल. ठिकाण, तारखा, तुकडीचं बळ यातलं काय गाळावं लागेल हे आराखडा करतानाच विचारा. काही वेळा नेमका मुख्य आलेखच अडतो. त्याच बैठकीत उपचाराच्या सूचना लिहिणाऱ्या माणसालाही बोलवा. ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ मध्ये सॅलिसबरी या जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या, आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी भराभर बरी झाली. ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. उशिराला आणखीही कारणं होती, पण तुमच्या निष्कर्षाची वाट पाहणारं एक तरी टेबल आधीपासून माहीत असलेलं बरं.

राहिली बदली. तुमची होईल, सहभागी जवानांची होईल, आणि बहुधा सहाव्या महिन्याच्या तपासणीच्या तोंडावर होईल. प्रत्येक जवानाचा सेवेबाहेरचा एक संपर्क संमतीच्या वेळीच मागून घ्या, तो द्यायची सक्ती न करता. सहसंशोधक असा निवडा ज्याची बदली तुमच्याबरोबर येणार नाही. आणि एक पान आज लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा : किल्ली कुठे आहे, पासवर्ड कोणाकडे सीलबंद आहे, पुढची तपासणी कोणाची आणि कधी, नीतिसमितीला अहवाल केव्हा जायचा. दर महिन्याच्या एक तारखेला ते पान नवं करा.