उन्हाचा तुकडा येईपर्यंत

माझा मामेभाऊ जानापावहून परतला आणि त्याने चाळीस फोटो पाठवले. खाली प्रश्न एकच: "ताई, तुझ्या फोटोत ढग ढगासारखे दिसतात, माझ्या आभाळाला पांढरी भोकं का पडतात?" फोनवर सांगायला बसले तर अर्धा तास गेला आणि त्यातलं निम्मं त्याने ऐकलंच नाही. म्हणून लिहूनच काढते.

जानापाव म्हणजे इंदूरहून निघालात की महूच्या पुढची टेकडी, जिथे चंबळ उगम पावते. भाद्रपदात वर गेलात तर खाली सोयाबीनची शेतं, डोक्यावर पळते ढग, आणि ढगांच्या फटीतून पडलेला उन्हाचा एखादा तुकडा शेतांवरून सरकत जात असतो. फोटो त्या तुकड्याचा काढायचा असतो.

तो हव्या त्या जागी जेमतेम पाच-दहा सेकंद असतो. कॅमेरा ऑटोवर असला की प्रत्येक फोटोला नवा हिशेब मांडतो. खाली सावलीतली गडद शेतं दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, तो प्रकाश वाढवतो आणि आभाळ जळतं. भावाचं नेमकं हेच झालं. म्हणून मी मॅन्युअलवर जाते आणि ऊन यायच्या आधीच उन्हाचा हिशेब करून ठेवते. फिल्मच्या काळातला ठोकताळा अजून चालतो: भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ ला ठेवलं की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) जेवढा, शटर सेकंदाचा तेवढावा भाग. आयएसओ १०० ला १/१००. मला एफ ८ हवा असतो, त्यातून चौपट प्रकाश शिरतो, म्हणून १/४००. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात प्रकाश निम्मा धरते, १/२००. मग दूर कुठल्या तरी शेतावर ऊन पडलेलं दिसलं की तिथे एक चाचणी घ्यायची, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघायचं, आणि त्यानंतर डायलला हात लावायचा नाही. सावलीतली शेतं स्क्रीनवर काळपट दिसतील. दिसू द्या.

फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येच घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे काळोखातलं शेत वर काढता येतं. पांढरं फटक झालेलं आभाळ मात्र परत येत नाही, कारण तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं. मोबाईल असेल तर ढगाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा, लॉक झालं की बोट खाली सरकवून उजेड उतरवा.

निघण्याआधी आयएसओ बघा, हे मी ठेच लागून शिकले. अनंत चतुर्दशीला रात्रभर इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, ३२०० वर टिपल्या आणि दोन दिवसांनी तशीच जानापावला गेले. सावलीतल्या सोयाबीनवर जणू कुणी रवा भुरभुरला होता! पावसाळ्यात दुसरा त्रास लेन्सवर धरणाऱ्या वाफेचा. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. अर्धा तास आधी बॅग गॅलरीत ठेवायची आणि तोवर पोहे खाऊन घ्यायचे.

कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. म्हणून पौषात इंदूरच्या सिरपूर तलावावरचं धुकं मळकट येतं, तिथे एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). उलट आपली माळव्याची नुकती नांगरलेली काळी माती मीटरवर सोडली तर राखेसारखी दिसते. तिला एक स्टॉप कमी. ओली माती फोटोतही जड वाटली पाहिजे.

पाताळपाणीच्या धबधब्याचं फार सांगत नाही. पोलरायझर फिल्टर लावून ओल्या पानांची चकाकी मारा आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास शटर ठेवा. प्रवाहात मात्र ट्रायपॉड रोवू नका. २०११ च्या जुलैत तिथे अचानक वाढलेल्या पाण्यात माणसं वाहून गेली आहेत. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

आता एडिटिंग. लाइटरूम घ्या नाहीतर फुकटचा डार्कटेबल, काम तेच. आधी व्हाइट बॅलन्स (रंगांचा थंड-उबदारपणा) सगळ्या फोटोंना एकच, मी ५५०० केल्विनपासून सुरू करते. ऑटोवर ठेवलं की एकच शेत एका फोटोत निळसर, पुढच्यात पिवळट. मग हायलाइट्स खाली, ढगांच्या कडा दिसेपर्यंत. शॅडोज थोड्याच वर. भाऊ त्या पूर्ण शंभरावर नेतो, मग सावली उरत नाही आणि ऊनही ऊन वाटत नाही. आभाळावर वरून खाली विरत जाणारा मास्क टाकून एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.५, आणि उन्हाच्या तुकड्यावर मऊ ब्रशने अधिक ०.३. दोन्ही मिळून फरक एका स्टॉपच्या आतच राहतो, तरी नजर बरोबर तिथे जाते.

हिरव्याचं तेवढं सांभाळा. पावसाळी सोयाबीन सेन्सरला विषारी हिरवं दिसतं. हिरव्याचं सॅच्युरेशन दहा-पंधराने उतरवा आणि ह्यू किंचित पिवळ्याकडे न्या. धुरकटपणा काढणारा डीहेझ दहाच्या पुढे गेला की ढगांना काजळी धरते. लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा, आणि रात्री केलेलं काम सकाळी पुन्हा उघडून बघितल्याशिवाय कुणाला पाठवू नका. माझे तरी निम्मे स्लायडर सकाळी मागे येतात.

गेल्या रविवारी भाऊ परत वर गेला. तीन तास बसला आणि सहा फोटो आणले. त्यातला एक खरोखर चांगला आहे: ढगांना पोट आहे, शेताच्या बांधावर ऊन आहे. कोपऱ्यात चिप्सची पिशवीही आहे. ती त्याने स्वतःच खाल्लेली होती.