चर्चच्या आवारात गावासाठी मदत-मेळा कसा भरवावा

सगळ्यात आधी पैसा कुणासाठी जमवायचा ते ठरवा. ‘गरिबांसाठी’ एवढ्यावर कोणी खिशात हात घालत नाही. पाळकसाहेब, चर्चची पंच कमिटी आणि महिला संघ एकत्र बसून दोन, फार तर तीन कामं निवडा आणि ती गावातलीच असू द्या. अंगणवाडीला पाण्याचा फिल्टर, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकराला घेऊन नागपूरच्या दवाखान्यात राहणाऱ्या आईबापांचा जेवणखर्च, क्षयरुग्णांना सहा महिन्यांचा शिधा. शिधा द्यायचा असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बोला. ‘नि-क्षय मित्र’, म्हणजे क्षयरुग्णांना मदत करणारे, म्हणून नोंदणी कशी करायची ते तिथं समजतं, आणि रुग्णाची संमती घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही.

एक गोष्ट पहिल्याच बैठकीत वहीत लिहून ठेवा: मदत घेणाऱ्याला मंचावर बोलावायचं नाही, त्याचा फोटो काढायचा नाही. आपल्या गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात. पाच किलो डाळीसाठी कोणाची मान खाली जाऊ नये.

दिवस संक्रांतीनंतरचा रविवार धरा. तोवर कापसाचे बरेच वेचे झालेले असतात, घरात थोडा पैसा खेळतो. नाताळची धावपळ सरलेली असते आणि ईस्टरआधीचा, राखेच्या बुधवारपासूनचा उपवासकाळ अजून लांब असतो. गावचा आठवडी बाजार रविवारी असेल तर शनिवार घ्या. वेळ दुपारी ३ ते ६. त्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधारतं आणि लेकरंबाळं गारठतात.

पावत्या नोंदणी असलेल्या ट्रस्टच्या नावानंच फाडा. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून देणगी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. स्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. तिकिटं विकून लकी ड्रॉ काढायचा मोह टाळा, तो कायद्यात अडकू शकतो.

आवारात कडुनिंबाची, चिंचेची सावली असेल तर मांडव लागतच नाही. बिछायत केंद्रातून सतरंज्या, टेबलं आणि मोठे गंज, म्हणजे पातेली, तेवढे आणा. खाण्याचे चार-पाच स्टॉल पुरेत: तर्री-पोहे, आलूबोंडे, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, सोलेभात, चहा. एक किलो पोह्यांत बारा-पंधरा माणसं होतात. सगळं शाकाहारी ठेवा, म्हणजे सगळ्या आळ्यांतली माणसं निःशंक मनानं जेवतील. निमंत्रण घरोघरी जाऊन द्या, मंदिराच्या पंचांना आणि विहारातल्या मंडळींनाही. हा मेळा चर्चच्या अंगणात भरतो, पण तो गावाचा आहे हे त्यांना आपल्या तोंडून कळलं पाहिजे. स्टॉलवर रोकड घेऊ नका. फाटकाजवळ एकाच टेबलावर १० आणि २० रुपयांचे कुपन विका, नंतर हिशेब सोपा जातो.

खरा पैसा येतो तो लिलावातून. आपल्या चर्चच्या मंडळीला हंगामाच्या सणाची सवय आहेच; शेतातलं पहिलं पीक वेदीपाशी आणायचं आणि उपासनेनंतर त्याची बोली लावायची. तीच रीत इथं गावासमोर करा. आठवडाभर आधी सांगून ठेवा की ज्याला जे जमेल ते आणा. गावरान कोंबडा येतो, कोहळं येतं, संत्र्यांचं कॅरेट येतं, एखाद्या आजीनं शिवलेली वाकळ येते. बोली लावणारा माणूस खड्या आवाजाचा आणि सगळ्यांच्या ओळखीचा हवा. ‘बोला जी, कोहळं पन्नासावर आलं!’ असं त्यानं म्हटलं की मागची माणसं पुढं सरकतात. सुरुवात छोट्या वस्तूंनी, छोट्या आकड्यानं करा. लेकरांसाठी दहा रुपयांपासूनच्या वस्तू बाजूला ठेवा. ज्या पोरानं पंधरा रुपयांत पेरूची पिशवी जिंकली, ते पोर पुढच्या वर्षी आईबापाला ओढून आणतं. कोणी वस्तू घेऊन परत लिलावातच देतो, तेव्हा तीच वाकळ दोनदा-तीनदा विकली जाते. वाकळ शेवटी ठेवा, गर्दी टिकते.

बोलीचे पैसे जागेवरच घ्या. एका वर्षी आम्ही ‘उद्या देतो’ वर विश्वास ठेवला आणि फिल्टरला पैसे कमी पडले. ज्यांनी बोली लावली ते वाईट नव्हते. कापसाचा चुकारा लांबला होता. पण मागायला त्यांच्या दारात जाणं आम्हालाही जड गेलं आणि त्यांनाही. आता वहीत वस्तू, नाव, रक्कम लिहायची आणि पैसे मिळाल्यावरच वस्तू हातात द्यायची. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच लावा, कोषाध्यक्षांच्या मोबाइलचा नको. कोणाला देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर ट्रस्टकडे ती मान्यता असावी लागते, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन मागा.

मोजणी तिथंच, चांगल्या उजेडात, तिघांनी करायची. त्यातला एक जण मंडळीबाहेरचा घ्या. शाळेचे मुख्याध्यापक किंवा पोस्टमास्तर सहसा नाही म्हणत नाहीत. जमा किती, आचारी आणि बिछायतीचा खर्च किती, उरले किती, हे तीन आकडे माइकवरून वाचा आणि तिघांच्या सह्या घ्या. दुसऱ्या दिवशी रक्कम बँकेत भरा. फिल्टर बसला, शिधा पोचला की बिलांच्या प्रती चर्चच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, रुग्णांची नावं वगळून. पुढच्या जानेवारीत निमंत्रण द्यायला निघाल की बरेच जण तो कागद आधीच वाचून बसलेले असतील.