जर्मनीत नवीन आलेल्या पोट्टेहो, 'हो' म्हणायच्या आधी हे वाचा

यवतमाळ, वाशिम, बुलढाण्याच्या खेड्यांतून आता बरीच पोरं इकडे यायला लागली. बँक खातं, सिमकार्ड, पत्त्याची नोंदणी हे कोणीही सांगते, त्यात मी शिरत नाही. करारावर बोलतो, कारण आपली पोरं तिथंच अडकतात आणि मग रात्री बारा वाजता फोन करतात.

गावात आपलं कसं, पाचशेचा स्टॅम्प, दोन साक्षीदार, तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडून लिहून आणलं की व्यवहार पक्का. वावराचा सौदा इसार हातात पडल्याशिवाय कोणी खरा धरत नाही. तसा आपला 1872 चा करार कायदाही तोंडी करार मानतोच, पण नुसत्या बोलण्यावर कोर्टात कोण जाते? इकडे मात्र एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो जसाच्या तसा मान्य केला की झाला फेरट्राग, म्हणजे करार, ना स्टॅम्प ना साक्षीदार. नुसतं गप्प बसलं तर सहसा होकार धरत नाहीत, पण मेलवर 'ओके' लिहिलं, बटण दाबलं तर धरतात. आणि बाप्पा, समजलं नाही तरी मान डोलवायची आपली सवय आहे ना, ती विमानतळावरच सोडून या.

वय अठरा पूर्ण पाहिजे. सात ते सतरा वर्षांच्या पोरांनी केलेल्या कराराला सहसा आईबापाची संमती लागते, खाऊच्या पैशातली किरकोळ खरेदी सोडून.

आता मुख्य गोष्ट. ग्रुपवर सगळे छातीठोक सांगतात की काहीही घ्या, 14 दिवसांत परत करता येते. साफ चूक! ते 14 दिवस ऑनलाइन, फोनवर किंवा दारावर आलेल्या माणसाशी केलेल्या कराराला. दुकानात, जिमच्या काउंटरवर स्वतः जाऊन सही केली तर नाहीत. आर्णीकडच्या एका पोराने असंच जिममध्ये दोन वर्षांचं सही करून दिलं, चार महिन्यांत दुसऱ्या शहरात नोकरी लागली, याला वाटलं गाव सोडलं म्हणजे करार सुटला. 2016 मध्येच इथल्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं आहे की घर बदललं एवढ्यावरून जिमचा करार मोडता येत नाही. ग्रुपवरच्या एका शहाण्याने सल्ला दिला, बँकेतून पैसे कापणं बंद कर, काही होत नाही. झालं काय, वसुली कंपनीची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली, रक्कम फुगली, शूफामध्ये, म्हणजे कोण पैसे वेळेवर फेडतो याचा हिशोब ठेवणाऱ्या इथल्या कंपनीत, नोंद लागली आणि पुढे कोणी घरमालक त्याला उभं करेना. म्हणून काउंटरवर सही करू नका, कागद घरी आणा, मुदत किती ते पहा. 1 मार्च 2022 पासूनच्या अशा करारांत पहिली मुदत संपली की महिन्याच्या नोटिशीवर सुटता येते, पण पहिली मुदत भरावीच लागते.

घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, तेही तीन हप्त्यांत देता येते. आपलाच गाववाला खोली न दाखवता पैसे मागत असेल तर त्यालाही देऊ नका. आपली माणसं परक्या देशात आपल्याच माणसाला आधी गंडवतात, हे माझं मत आहे, राग आला तर येऊ द्या.

विकतचं घर किंवा जमीन मात्र नोटरीशिवाय नाही. तिथं तोंडी शब्दाला काही किंमत नाही.

नोकरीचंही एक उलटंच आहे. करार तोंडी झाला तरी चालतो, पण काढायचं तर कागदावर पेनाने केलेली सही लागते. मालकाने व्हॉट्सअपवर 'उद्यापासून येऊ नको' लिहिलं तर तो मेसेज जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर व्हा. सहीचं पत्र आलंच तर हातात पडल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कामगार कोर्टात दावा टाका, मालकाशी बोलणी चालू असली तरी.