देणगी आली, पण भाडं कोण भरणार? संस्था चालवताना या चुका टाळा

सोलापुरातल्या छोट्या संस्थांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय. विडी कामगारांच्या मुलांचे सायंवर्ग, यंत्रमाग कामगारांसाठी दवाखाना, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच डबा. कामं मनापासून चालतात, त्यात खोट नसते. तरी दर मार्चमध्ये त्याच त्या चुका घेऊन माणसं समोर बसतात. त्यातल्या बऱ्याच चुका संस्था सुरू होतानाच टाळता आल्या असत्या, म्हणून हे लिहितोय.

‘तुमचा प्रत्येक रुपया थेट मुलांपर्यंत’

हे वाक्य आधी पत्रकावरून काढून टाका. प्रत्येक रुपया मुलांपर्यंत गेला तर खोलीचं भाडं कुठून येतं? ते कुणाच्या तरी थकलेल्या मानधनातून येतं.

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूच्या एका वस्तीत एक संस्था सायंवर्ग चालवायची. साठ मुलं, दोन शिक्षिका. पत्रकावर लिहिलेलं, ‘महिना फक्त ५० रुपयांत एका मुलाचं शिक्षण’. हा आकडा आला वह्या-पुस्तकांवरून. महिन्याला ३,००० रुपयांचं साहित्य, भागिले साठ. मी बाकीचा खर्च त्यांच्यासमोर मांडला. शिक्षिकांचं मानधन १८,०००, भाडं ५,०००, वीज आणि इंटरनेट १,५००, हिशेबनीस, ऑडिट आणि येणं-जाणं २,५००. साहित्य धरून ३०,००० झाले. एका मुलामागे ५०० रुपये. खर्चाचा दहावा हिस्सा मागायचा आणि उरलेले नऊ हिस्से देवावर सोडायचे, असं चाललं होतं.

संस्थेच्या ताई म्हणाल्या, “सर, भाडं आणि पगार सांगितला की लोकांचा हात आखडतो हो.” आखडतो, काहींचा. पण ज्याला ५० रुपये सांगितलेत त्याला पुढच्या वर्षी ५०० कसे सांगणार?

तेवढ्यात एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या नफ्यातून समाजकामाला देतात त्या पैशातून, मुलांसाठी संगणक मंजूर झाले. पहिल्या हप्त्यात संगणक, दुसऱ्यात ते शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे पैसे, तिसरा हप्ता विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे ठरल्या कामालाच लागले असा दाखला, दिल्यावर. वीजबिलाला आणि भाड्याला त्या प्रस्तावात एक ओळसुद्धा नव्हती. दुसरा हप्ता आला तेव्हा घरमालक दारात उभा होता आणि शिक्षिकांचं मानधन थकलेलं. प्रशिक्षकाचे पैसे तिकडे वळवले, ‘पुढचे आले की भरून टाकू’ म्हणून. कंपनीने बिलं मागितली. प्रशिक्षकच नेमला नव्हता, तर बिलं कुठली? तिसरा हप्ता थांबला. मी गेलो तेव्हा मीटर कापलेलं होतं, संगणक भिंतीकडेला टॉवेल टाकून ठेवलेले होते आणि एक शिक्षिका खासगी शाळेत लागली होती.

पैसा कुणी खाल्ला नव्हता. सगळा मुलांसाठीच खर्च झाला होता. पण एका कामासाठी दिलेला पैसा दुसऱ्या कामाला लावला की देणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

माझी पद्धत अशी. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर मानधन, भाडं, वीज, ऑडिट यांचा त्या प्रकल्पाच्या वाट्याचा हिस्सा स्पष्ट लिहायचा. खोलीचा एक तृतीयांश वेळ त्या प्रकल्पाला जात असेल तर एक तृतीयांश भाडं त्यात. ‘इतर खर्च’ या नावाखाली काही लपवायचं नाही. आणि शिक्षिकेचं मानधन व्यवस्थापनाच्या खर्चात टाकू नका. ती शिकवते, तेच तर काम आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यानेही प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांपर्यंत जागा ठेवली आहे. २०२० पूर्वी ती ५० टक्के होती. म्हणजे असा खर्च असतो हे सरकारलाही मान्य आहे, आपणच लाजतो.

दुसरी सवय रबरी शिक्क्याची. प्रत्येक व्हाउचरवर आणि बिलावर प्रकल्पाच्या नावाचा शिक्का मारायचा, पैसे दिले त्याच दिवशी. एकच झेरॉक्सचं बिल दोन देणगीदारांना दाखवलं जाणं हा प्रकार बहुतेक वेळा गडबडीतून होतो, पण सापडला की त्याला लबाडीच म्हणतात. शिक्का असला की तो होत नाही. सॉफ्टवेअर घ्या, जरूर घ्या. शिक्का तरीही मारा.

नोंदणी झाली, आता सीएसआर आणू

नव्या मंडळींची घाई मला बघवत नाही. धर्मादाय कार्यालयातून नोंदणीचा दाखला हातात पडतो आणि आठवड्यात कंपन्यांच्या पायऱ्या झिजवणं सुरू. सीएसआरचं काम बाहेरच्या संस्थेला द्यायचं तर तिला १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी) लागतं, कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर नोंदणी क्रमांक लागतो आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. ती तीन वर्षं गल्लीतल्या दुकानदाराच्या २०० रुपयांवर काढायची असतात. त्यातूनच देणगी मागायला, पावती फाडायला आणि हिशेब सांगायला शिकतो माणूस. ‘फाइल चार्ज द्या, सीएसआर मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

आता बाकीच्या चुका.

८०जीच्या जिवावर देणगी मागू नका. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला तर चेकने दिली तरी नाही. काम सांगा, मग मागा.

३१ मार्चला खातं शून्य करायची धावपळ थांबवा. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम कामावर खर्च व्हावी एवढीच आयकर खात्याची अपेक्षा आहे, १५ टक्के शिल्लक ठेवता येते. मार्चअखेर खुर्च्या आणि कपाटं घेणाऱ्या संस्था जूनमध्ये मानधनासाठी उसनवारी करतात. अनुदानाचा हप्ता उशिरा येणारच, असं धरून निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला पाडा. एखाद्या मोठ्या कामासाठी जास्त साठवायचं असेल तर आयकर खात्याला मुदतीत तसं कळवून साठवता येतं. सीएला मार्चमध्ये नाही, डिसेंबरमध्ये भेटा.

एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिलीत तर तो खर्च या ८५ टक्क्यांत धरत नाहीत. मंडपवाला असो की किराणावाला, बँकेतून द्या.

अमेरिकेतल्या भाच्याने पैसे पाठवले तर आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, मग तो जन्माने शुक्रवार पेठेतला का असेना. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर ते पैसे घ्यायचे नाहीत. मी पासपोर्टची प्रत फाइलला लावल्याशिवाय पावती फाडू देत नाही.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. वारलेल्या अध्यक्षांचं नाव वर्षानुवर्षं तसंच ठेवणाऱ्या संस्थांची बँकेत सह्यांवरून अडवणूक होते.

आणि पेट्रोल पंपाच्या, मेडिकलच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या ऑडिटपर्यंत कोऱ्या होतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मूळ पावती पिन मारून मागे लावा.