सर्व्हरवरच्या लपलेल्या कमांड शोधायच्या कशा

लिनक्स सर्व्हरवर कमांडचं नाव आठवत नसेल तर लगेच गुगल कशाला, आधी अ‍ॅप्रोपॉस (apropos) लिहून पुढे disk सारखा कामाचा इंग्रजी शब्द टाका, मॅन पेजच्या, म्हणजे कमांडच्या माहितीपानांच्या, नावात किंवा छोट्या वर्णनात तो शब्द असलेल्या कमांड समोर येतात. सिस्टिमसीटीएल (systemctl, सर्व्हिस चालू-बंद करायची कमांड) लिहून स्पेस देऊन टॅब दोनदा दाबा, टॅबने कमांड पूर्ण करणारं कम्प्लिशन इन्स्टॉल असेल तर पुढचे पर्याय दिसतात. जुनी कमांड हवी तर कंट्रोल आर दाबून तिचा थोडा भाग टाइप करा, वरचा बाण दाबत बसू नका राव.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे एसएसएच (सर्व्हरवर लांबून लॉगिन करायची कमांड) हँग झालं की एंटर, टिल्ड (~), मग टिंब (.), सेशन तिथंच तुटतं, मी कित्येक वर्षं उगाच अख्खी टर्मिनल विंडो बंद करायचो! टिंबाऐवजी प्रश्नचिन्ह दिलं की असल्या बाकीच्या शॉर्टकटची यादीच येते.